ऊन पाणी

घर बांधणाऱ्या माणसाला उभ्या आयुष्यात विचारले गेले नसतील इतके प्रश्न एका वर्षात विचारले जातात. खिडकी कोणत्या बाजूस, फरशी कोणत्या रंगाची, देवघर कोठे, जिन्याच्या पायऱ्या किती. यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे आम्ही ऐपत आणि आवड या दोन पारड्यांत तोलून दिली आणि विसरूनही गेलो. एका प्रश्नाने मात्र आम्हांस आठ-दहा रात्री नीट झोप लागू दिली नाही. बेळगावात अनगोळच्या बाजूस आमच्या घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हायचा होता. नळाचे काम करणारा कारागीर हातात खडू घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, पाणी कशावर तापवणार आणि गरम पाण्याचे नळ कुठंकुठं काढायचे, तेवढं या आठवड्यात सांगा. एकदा गिलावा झाला की भिंत फोडावी लागेल."

प्रश्न व्यवहाराचा होता. त्यात नीतीचा भाग काही असेल, असे आम्हांस त्या क्षणी वाटले नाही. वाटले ते नंतर, आणि ज्या दिशेने वाटायला हवे होते त्या दिशेने तर फारच उशिरा वाटले. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

आमचे बालपण शहापुरातील एका वाड्यात गेले. तेथील न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. करवंट्या, लाकडाचे ढलपे, वखारीतून पोत्याने आणलेला भुसा, जे मिळेल ते त्यात जाई. पहाटे चारच्या सुमारास आजी उठे आणि बंब पेटवी. बाहेर मार्गशीर्षाची थंडी आणि आत धूर. पहिले ऊन पाणी आजोबांचे, कारण त्यांना पूजेला बसायचे असे. मग वडील आणि काका, मग शाळेला जाणारी आम्ही मुले, मग आई आणि काकू, आणि सर्वांच्या शेवटी आजी. प्रत्येकाच्या घंगाळात ती स्वतः विसण घाली, हात बुडवून पाही, सोसवेल इतके झाले की हाक मारी. तिची पाळी येईपर्यंत विस्तव विझलेला असे आणि बंबात वारंवार ओतलेल्या थंड पाण्याने आतले पाणी जेमतेम कोमट उरलेले असे. तिच्या पाण्याला विसण कधी लागले नाही.

गोव्यात आमच्या आत्याच्या घरी बंबाच्या जागी चुलीवर बसवलेले भाण असे, एवढाच काय तो फरक. पाणी कोणी तापवायचे आणि कोणी शेवटी न्हायचे, याची रीत दोन्हीकडे एकच होती. दिवाळीच्या सुमारास बंबाच्या, उटण्याच्या आणि धुराच्या वासाच्या गोड आठवणी पुष्कळ लिहिल्या जातात. आम्हीही तशा लिहिल्या आहेत. परंतु त्या आठवणी बहुधा बंबातल्या पाण्याने न्हालेल्यांच्या असतात, बंब पेटवणाऱ्यांच्या क्वचितच. आजीचे डोळे उतारवयात सदा लाल असत आणि खोकला तिला कधी सोडून गेला नाही. त्याचा संबंध पहाटेच्या धुराशी जोडावा, हे त्या काळी कोणाच्या मनात आले नाही.

तेव्हा बंब परत आणण्याचा प्रश्नच नव्हता. आजीला जे उठावे लागले ते आता कोणालाही उठावे लागू नये, ही आमची पहिली अट होती. भिंतीवर एक पांढरी टाकी, शेजारी बटण, आणि दहा मिनिटांत वाफाळते पाणी. कोणी जागले नाही, कोणाच्या डोळ्यांत धूर गेला नाही. हिशेब संपला, असे आम्ही मानले होते. तो संपलेला नाही, हे ध्यानात आले ते खरोखरीच हिशेब मांडू गेल्यावर.

वीस लिटरची एक बादली घेतली आणि पाणी बावीस अंशांवरून बेचाळीस अंशांपर्यंत तापवले, तर सुमारे अर्धे युनिट वीज लागते. शाळेतल्या पदार्थविज्ञानाने एवढे गणित कोणालाही करता येईल. ती वीज सर्वस्वी दगडी कोळशाची धरली, तर एका बादलीपाठीमागे सुमारे तीनशे ग्रॅम कोळसा जळतो. आपल्या देशातील कोळशात राखेचा अंश मोठा असतो, तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात. म्हणजे आमच्या एका स्नानापोटी कोठेतरी शंभरेक ग्रॅम राख पडते. बंबातली राख आजी भांडी घासायला वापरी आणि ती तिच्या डोळ्यांसमोर असे. ही राख आम्हांस दिसत नाही. ती कृष्णाकाठी रायचूरजवळ शक्तिनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्यांत साठते. तेथे येणारा कोळसा सिंगरेणीसारख्या खाणींतून निघतो. तेथे रात्रपाळीला कोणीतरी जागा असतो. पाणी कोळशाऐवजी शरावतीच्या विजेने तापले असे समजावे, तर 1964 साली पूर्ण झालेल्या लिंगनमक्की धरणापायी ज्यांची गावे आणि शेते बुडाली, त्यांच्या वारसांच्या जमिनीच्या हक्काचा प्रश्न अर्धशतक उलटून गेल्यावरही सुटलेला नव्हता. बटण दाबल्याने आजीचे जागणे नाहीसे झाले नव्हते. ते आमच्या घराबाहेर, ओळखीपलीकडच्या माणसांकडे गेले होते.

गॅसवरच्या गीझरचा विचार केला. तो स्वस्त, झटपट, आणि वीज गेली तरी चालणारा. परंतु बंद न्हाणीघरात त्याच्या अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि न्हाणारे माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध पडते. आपल्या देशातील डॉक्टरांनी अशा दुर्घटनांविषयी वेळोवेळी लिहिले आहे. यंत्र बाहेर उघड्यावर बसवून आत केवळ नळ आणला तर हा धोका पुष्कळसा टळतो, हे खरे. आमच्याकडे तशी उघडी जागा न्हाणीघराला लागून नव्हती, म्हणून तो पर्याय आम्ही सोडला.

हवेतील उष्णता ओढून पाण्याला देणारे 'हीट पंप' नावाचे यंत्रही पाहिले. एक युनिट वीज घेऊन ते सुमारे तीन युनिटांइतकी उष्णता पाण्याला देते, ही त्याची थोरवी. किंमत ऐकून मात्र आम्ही परतलो. उरली ती छतावरची सौर योजना. काळ्या पट्ट्याचे दोन चौरस मीटर, वर उष्णता राखणारी टाकी. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, त्याला पंप लागत नाही, कोणाचे जागणे लागत नाही. उन्हाच्या दिवशी शंभर लिटर पाणी साठ अंशांपर्यंत तापते. दोष याही पद्धतीत आहेत. कूपनलिकेचे जड पाणी तापले की त्यातील चुना नळ्यांत धरतो. जून ते सप्टेंबर बेळगावच्या आभाळाचा भरवसा नाही. आणि छतापासून न्हाणीघरापर्यंतच्या नळात रात्रभर निवलेले तीन-चार लिटर पाणी ऊन पाण्याआधी वाहून जाते.

मंडळाच्या बैठकीनंतर चहाच्या वेळी आम्ही हा सगळा घोळ स्नेह्यांपुढे मांडला. एक स्नेही, जे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, हसून म्हणाले, "तुमच्या एका बादलीने रायचूरची चिमणी ना थांबणार, ना जोरात चालणार. ज्या कृतीचा परिणाम मोजताच येत नाही, तिच्याबद्दल अपराधी वाटून घेणे हा अहंकाराचाच एक प्रकार आहे. आणि आपल्या राज्यात तर 2023 सालच्या गृहज्योती योजनेपासून मर्यादेत वीज वापरणाऱ्या घराचे बिलही शून्य येते. मग कोणाचे काय बिघडले?" दुसरे एक वृद्ध स्नेही अगदी उलट बोलले. त्यांच्या मते खरा उपाय एकच, थंड पाण्याने स्नान करावे. पन्नास वर्षे ते तसेच करीत आले आहेत.

पहिल्या आक्षेपाला आमच्यापाशी निर्णायक उत्तर नाही, हे कबूल केले पाहिजे. एका बादलीचा परिणाम खरोखरीच मोजता येत नाही. परंतु परिणाम मोजता येत नाही म्हणून ऋण उरत नाही, हे आम्हांस पटत नाही. आपल्या परंपरेने मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे, आणि ते ऋण आकड्यांत मोजलेले नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही दिलेले नुसते भोगणाऱ्याला, परत काही न देणाऱ्याला, चोर म्हटले आहे. तेथे प्रश्न परिणामाच्या आकड्याचा नाही. मिळालेल्या सुखाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो, याचा आहे. आणि बिल शून्य आल्याने तर ही नजर अधिकच मंद होते. ज्या घरात पहिल्यांदाच दिवा आणि पंखा निर्धास्तपणे लागला, त्या घरासाठी ही योजना न्यायाचीच आहे. आमच्यासारख्याच्या घरी मात्र किंमत चुकवणारा जो थोडाबहुत दिसत होता, तोही तिने दिसेनासा केला.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर आमच्या घरातच बसलेले होते. आमच्या मातोश्री ऐंशी पार केलेल्या आहेत. त्यांची बोटे आणि गुडघे संधिवाताने धरलेले. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या स्नानाला ऊन पाणी मिळाले तरच त्यांचा दिवस सुरू होतो. एकाच्या निग्रहाचे मोल दुसऱ्याने आपल्या सांध्यांनी चुकवावे, हा धर्म नव्हे. आम्ही स्वतः चार दिवस थंड पाण्याने न्हाऊन पाहिले. पाचव्या दिवशी सर्दी झाली आणि त्याहून वाईट म्हणजे त्या चार दिवसांत आम्ही घरातल्या सर्वांशी काहीशा तुच्छतेने बोललो, असे सौभाग्यवतींनी निदर्शनास आणून दिले. संन्यासाचा गर्व हा ऊन पाण्यापेक्षा महागडा विलास आहे, एवढे आम्ही त्यावरून शिकलो.

अशा रीतीने रायचूर, शरावती, गीता आणि संधिवात यांची सांगड घालून आम्ही एक समतोल निर्णय काढला आणि त्याबद्दल मनातल्या मनात समाधानही मानले. छतावर दोनशे लिटरची सौर टाकी, तिला कूपनलिकेचे नव्हे तर नगराच्या नळाचे पाणी. मातोश्रींच्या न्हाणीघरात पावसाळ्यापुरता एक लहानसा विजेचा गीझर. कारागीर आला. दोन्ही न्हाणीघरांत आणि स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी त्याने खडूने खुणा केल्या. मग परसदाराकडे पाहून त्याने विचारले, "मागच्या मोरीला?"

"मागे कशाला?" आम्ही म्हणालो. "तिथे कोण न्हाणार आहे?"

त्याने मान हलवली आणि तो पुढे गेला. वीस-पंचवीस फुटांचा जादा नळ, दोन-तीन हजारांचा खर्च आणि भिंतीत एक लांबलचक झिरी, एवढे वाचले. हा सगळा संवाद अर्ध्या मिनिटाचा. त्या रात्री आम्हांस उत्तम झोप लागली.

आमचा तो संवाद मातोश्रींनी ऐकला होता. दुसऱ्या दिवशी जेवताना त्या सहज म्हणाल्या, "मागच्या मोरीत मावशी भांडी घासणार, कपडे धुणार. तिचे हात बघितलेस का कधी?"

गेली अकरा वर्षे मावशी आमच्याकडे कामाला येतात. सकाळी साडेसहाला येतात. थंडीच्या दिवसांत पारा पंधराच्या खाली असतो आणि रात्रभर टाकीत निवलेल्या पाण्यात त्यांचे हात तासभर बुडालेले असतात. बोटांच्या पेरांना भेगा पडतात, त्यांत साबण जातो. हे आम्ही पाहिले नव्हते असे कसे म्हणावे? रोज पाहिले होते. परंतु ज्या आठ-दहा रात्री आम्ही रायचूरच्या राखेचा आणि शरावतीकाठच्या विस्थापितांचा विचार करीत जागलो, त्या एकाही रात्री आमच्या मनात पंचवीस फुटांवरची ती मोरी आली नाही. ज्यांना आम्ही कधी भेटणार नाही त्यांच्याविषयी आमची करुणा जागी होती. ज्यांचे नाव आम्ही रोज घेतो त्यांच्या बाबतीत ती शांत झोपली होती.

असे का व्हावे, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. एक कारण असे दिसते की दूरच्या माणसाविषयीची कळकळ आपल्याकडून लगेच काही मागत नाही. ती मनात बाळगता येते, लेखात मांडता येते, आणि तिच्यामुळे आपल्याला आपण बरे वाटतो. जवळच्या माणसाविषयीची कळकळ नळ मागते, झिरी मागते, दोन-तीन हजार रुपये मागते. दुसरे कारण अधिक खोल आहे. जवळच्या माणसाचे कष्ट आपल्याला दिसतात ते घराच्या रचनेचा भाग म्हणून. आजीने शेवटी न्हावे हे वाड्यात कोणी ठरवले नव्हते, ते तसेच होते. मागच्या मोरीला थंड पाणी हेही कोणी ठरवत नाही. फरक इतकाच की आता आम्ही घर नव्याने बांधत होतो आणि ती जुनी रीत स्वतःच्या हाताने भिंतीत गाडून वर गिलावा करून टाकणार होतो.

याच गावी डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी पाण्याची सोय म्हणून खोदलेली टिळकवाडीतील विहीर आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. त्याच्या वीस वर्षे आधी, 1904 साली, आगगाडीच्या प्रवासात गांधींनी रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट' वाचले आणि त्यातून न्हाव्याच्या कामाचे मोल वकिलाच्या कामाइतकेच आहे हे तत्त्व उचलले. शाळेपासून आम्ही ही गोष्ट ऐकत आलो, व्याख्यानांत सांगत आलो. न्हावी आणि वकील यांच्या कामाचे मोल सारखे असेल, तर त्यांच्या हातांवर पडणाऱ्या पाण्याचे काय, हा पुढचा साधा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता.

गिलावा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी कारागिराला परत बोलावले. त्याने मागच्या भिंतीवर खडूची रेघ ओढली. एवढे झाल्यावर आमच्याकडून काही थोर घडले असे वाचकांनी समजू नये. अकरा वर्षे उशिरा, तेही मातोश्रींनी सांगितल्यावर, वाचवलेले दोन-तीन हजार रुपये आम्ही खर्च केले, एवढेच घडले.

नव्या घरात राहायला आल्यावर पहिल्या थंडीत एक गोष्ट पाहिली. मागच्या मोरीवर दोन नळ होते, तरी मावशी आठवडाभर थंडच नळ सोडीत. सौभाग्यवतींनी विचारले तेव्हा म्हणाल्या, "राहू दे की वहिनी, सवय हाय मला. तुम्हा लोकांना पाणी कमी पडंल." सौभाग्यवतींनी काही न बोलता दुसरा नळ सोडला. आधी नळात निवलेले पाणी आले, ते त्यांनी बादलीत धरले. मग वाफ आली. मावशींनी हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. "भलतंच कढत हाय हो," त्या म्हणाल्या, "विसण घालाय पायजे." आणि त्यांनी बादलीतले पाणी त्यात ओतले.

आमच्या घरात विसणाची गरज पहिल्यांदाच शेवटच्या माणसाला लागली होती.

येथे लेख संपवता आला असता, परंतु तसे करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मावशींच्या घरी पाणी अजून तीन दगडांच्या चुलीवर तापते. त्यासाठी लाकूडफाटा त्यांची सून गोळा करते, आणि पहाटे चारला उठून चूल कोण पेटवते हे आम्ही विचारले नाही, कारण उत्तर ठाऊक होते. आमचा नळ आमच्या परसदारच्या भिंतीपाशी संपतो. त्यापुढे वेतन आहे, सुटीचा दिवस आहे, सुनेचे डोळे आहेत. त्यांतले वेतन आम्ही त्या महिन्यापासून वाढवले. बाकीच्याचे काय करावे, हा प्रश्न गिलावा झालेल्या भिंतीपलीकडे अजून उभा आहे.

रायचूरचा विचार करणे आम्ही सोडलेले नाही. सोडू नये, असेच आमचे मत आहे. पावसाळ्यात मातोश्रींच्या गीझरचे बटण दाबताना तो विचार येतो आणि काम होताच बटण बंद होते. फक्त आता दूरच्या कोणाविषयी मन हळवे झाले की आधी परसदारी जाऊन यावे, अशी सवय आम्ही लावून घेत आहोत. ती अजून पुरती लागलेली नाही.